जवळा आणि कोळंबी : एका नामभेदाचा इतिहास

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजार हे गाव समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा अंतर्भागात जवळा पोहोचतो तो बहुधा वाळवलेल्या स्थितीत, आणि तेथे नदीतल्या व समुद्रातल्या अशा दोन्ही प्राण्यांना ‘झिंगा’ हा एकच शब्द पुरतो. जवळा म्हणजे कोळंबीचीच पिले, असा समज तेथे होणे स्वाभाविक होय. कोकणातील कोळी समाजाने मात्र जवळा, करंदी आणि कोळंबी ही नावे निरनिराळी राखली आहेत.

शास्त्राचा निर्णय कोळ्यांच्या बाजूने आहे. १८३० मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एद्वार्स यांनी ‘असेटीस’ ही प्रजाती स्थापून जवळ्यास ‘असेटीस इंडिकस’ हे नाव दिले. पांढऱ्या कोळंबीचे, म्हणजे ‘पीनियस इंडिकस’चे, वर्णनही त्यांनीच १८३७ मध्ये केले. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला त्यांपैकी शेवटच्या दोन नसतात. पूर्ण वाढलेला, प्रजननक्षम जवळाही सुमारे चार सेंटीमीटरांचाच असतो. म्हणजे त्याचे लहानपण हे बाल्य नव्हे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नदीतील झिंग्याची मादी अंडी पोटाखाली वागवते. जवळा व कोळंबी ती पाण्यात सोडून देतात. याच व कल्ल्यांच्या रचनेच्या आधारे जवळा कोळंबीच्या उपगणात पडतो, नदीतील झिंगा नव्हे. वऱ्हाडी ‘झिंगा’ या शब्दाने जे एकत्र आणले, ते शास्त्राने असे वेगळे केले. जपानी संशोधक माकोतो ओमोरी यांनी १९७५ मध्ये असेटीस प्रजातीचा समग्र परामर्श घेतला.

अधिवासही भिन्न आहे. कोळंबीच्या अनेक जातींची पिले खाड्यांत वाढून समुद्रात परततात. जवळा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात थव्यांनी राहतो व बोंबलाचे प्रमुख खाद्य होतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात तो सापडतो. परंतु त्याच जाळ्यात इतर मासळीची खरी पिलेही येतात.

म्हणून हा नामभेद केवळ कोशाचा विषय नाही. जवळ्याला पिले मानले, तर त्याची मासेमारीच विनाशक ठरते; त्याला स्वतंत्र जाती मानले, तर खरा प्रश्न त्याच्यासोबत सापडणाऱ्या पिलांचा उरतो. तो प्रश्न नीट मांडण्याचे साधन कोळ्यांच्या बोलीत पूर्वीपासूनच उपलब्ध आहे.