चिपखालचे ओतकाम

सिलिकॉनची चिप ज्या पट्टीवर डाखाने बसवतात, त्या पट्टीने चिपची उष्णता झपाट्याने वाहून न्यायची असते आणि तापल्यावर चिपइतकेच फुगायचे असते. नेहमीच्या धातूंना हे दोन्ही एकदम जमत नाही. तांबे उष्णता उत्तम वाहते, पण तापमान एका अंशाने वाढले की मीटरभर तांबे सुमारे 17 मायक्रोमीटर लांबते. सिलिकॉन तीनही नाही. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत हा फरक डाखाला सोसावा लागतो आणि तो तडकतो. वेस्टिंगहाउसच्या हॉवर्ड स्कॉट यांनी 1936 मध्ये पेटंट घेतलेला कोव्हार हा मिश्रधातू काचेसारखाच बेताने फुगतो. पण तांब्याची उष्णतावाहकता 400 धरली, तर त्याची जेमतेम 17 भरते.

1980 च्या दशकात ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे संमिश्र या कामासाठी पुढे आले. त्याची वाहकता 180 च्या आसपास, प्रसरण तांब्याच्या निम्मे. श्रेय या गुणांना दिले जाते; माझ्या मते ते ओतकामाचे आहे. हे पक्के संमिश्र कापायला हिऱ्याची हत्यारे लागतात. सिलिकॉन कार्बाइडची साठ टक्के पूड ॲल्युमिनियमच्या रसात ढवळू गेले तर त्याचा चिखल होतो. वितळलेले ॲल्युमिनियम त्या कणांना सहजी भिजवत नाही, आणि फार वेळ तापत राहिले तर ओलाव्यात विघटणारे ॲल्युमिनियम कार्बाइड बनते. वाट निघाली ती क्रम उलटा केल्यावर: आधी पुडीचा हव्या आकाराचा सच्छिद्र ठोकळा, मग त्यात दाबाने मुरवलेला सिलिकॉनयुक्त रस. अमेरिकेतल्या लँक्साइड कंपनीने तर मॅग्नेशियम आणि नायट्रोजनच्या मदतीने दाबाविनाच रस मुरवला.

सच्छिद्र टंगस्टनमध्ये तांबे मुरवण्याची रीत याआधीचीच, मग यात नवे काय, असे कोणी विचारेल. रीत जुनी होती हे खरे, आणि माझे म्हणणे त्यानेच बळावते. मात्र ते टंगस्टन-तांबे या संमिश्राच्या सुमारे पाचपट जड. स्वस्त तांबे अजून टिकून आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. जिथे तापण्या-निवण्याच्या फेऱ्या थोड्या, तिथे तांबेच योग्य. रेल्वे इंजिनात मात्र प्रत्येक थांब्यागणिक फेरा पडतो. तिथल्या या संमिश्राच्या तळपट्ट्या मुद्दाम किंचित फुगीर घडवतात. बोल्ट आवळले की त्या शीतकावर सपाट बसतात.