समुद्राविना धक्का

पुण्यात मंगळवार पेठेजवळ मालधक्का चौक आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की तो मीटर टाकतो, पुढचं काही विचारत नाही. नाशिक रोडला मालधक्का रोड आहे. सोलापूर, मिरज, जळगाव, कुठेही जा, स्टेशनाच्या मागच्या अंगाला मालट्रक जिथे रांगेने उभे दिसतील त्या जागेला लोक मालधक्काच म्हणतात. यातल्या एकाही गावाला समुद्र नाही. धक्का मात्र आहे.

मराठीत धक्का म्हणजे ढकलणं, आणि धक्का म्हणजे होडी टेकवून माल उतरवायची बांधीव जागाही. मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला, तो भाऊचा धक्का. रेल्वेच्या वाट्याला यातला दुसरा अर्थ आला, याचं कारण रेल्वेच्या जन्मगावातच आहे. 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरहून. पुढे मालाची ठाणी झाली तीही वाडीबंदर, कर्नाक बंदर अशा नावांच्या जागी. आपल्याला त्या दिवसाचे चारशे पाहुणे आणि चौदा डबे आठवतात. विलायतेतल्या ज्या गिरणीवाल्यांनी या लोहमार्गासाठी रेटा लावला होता, त्यांना पाहुण्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना घाटावरचा कापूस बंदरात हवा होता.

बोरघाटातून गाडी 1863 मध्ये गेली, थळघाटातून 1865 मध्ये. 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा काढला, तो मुख्यतः कापसासाठी. कापूस ज्या वाटेने खाली गेला, त्याच वाटेने बंदरावरचे शब्द वर चढले असावेत, असं मला वाटतं. वऱ्हाडातल्या स्टेशनावर गासड्या ठेवायला जो दगडी चौथरा बांधला, त्याला दुसरं नाव शोधायची गरजच नव्हती. त्याची घडणही धक्क्याचीच. एका बाजूला पाण्याऐवजी रूळ, दुसऱ्या बाजूला गाडीवाट. उंची वाघिणीच्या तळाइतकी, म्हणजे पाठीवर गोणी घेतलेल्या हमालाला चढउतार करावी लागत नाही, सरळ आत चालत जाता येतं.

वाघीण म्हणजे वॅगन. मराठी माणसाने साहेबाचा शब्द कानाने ऐकला आणि त्याला शेपूट लावून दिली. मालगाडीची वाघीण घसरली असं वर्तमानपत्रात वाचून लहानपणी मी बराच वेळ जंगलाचा विचार करत बसलो होतो.

साहेबाची भाषा तरी कुठे वेगळी होती! जहाज ठरल्या मुदतीपेक्षा जास्त अडकवून ठेवलं की मालवाल्याने भरायचा तो डेमरेज. माल धक्क्यावरून नेल्याबद्दल भरायचा तो व्हार्फेज. हे दोन्ही शब्द रेल्वेने बंदरावरून उचलले. वाघीण अडकली तर डेमरेज, माल पडून राहिला तर व्हार्फेज. आमच्या बाजारपेठेत पहिल्याचं डॅमरेज झालं. नुकसानीचा अर्थ त्यात आपसूक मिसळला आणि ज्यांनी तो भरलाय त्यांना ते चुकीचंही वाटत नाही.

मालधक्क्यावरची सगळी धावपळ या दोन शब्दांमुळे आहे. मालधक्क्यावर ट्रक धाडणं हा एक स्वतंत्र धंदा का झाला, ते मात्र त्यानंतरच्या इतिहासात सापडतं. बराच काळ रेल्वे एकेक वाघीण भरून घ्यायची. लहान स्टेशनावर एक वाघीण गुळाची, एक कांद्याची. ती रिकामी करायला गावातल्या बैलगाड्या पुरत. मुंबईत खटारे होते. खटारा हे तेव्हा भक्कम मालवाहू बैलगाडीचं नाव होतं, मोडकळीला आलेल्या गाडीचं नव्हे. 1980 च्या दशकात रेल्वेने धोरण बदललं. एकेक वाघीण यार्डायार्डांत जोडत-सोडत नेण्यात फार दिवस जात, म्हणून भरायची तर सबंध गाडी भरा, असा नियम होत गेला. लहान स्टेशनांवरचे धक्के ओस पडले, तिथे गवत उगवलं. मोठ्या शहरांतल्या धक्क्यांवर एकदम सबंध गाडी येऊन उभी राहू लागली.

ही सबंध गाडी म्हणजे रेक. धक्क्यावर मात्र तिला कोणी रेक म्हणत नाही, ‘रॅक लागली’ असंच म्हणतात. बंद वाघिणींची जुन्या पद्धतीची रॅक साधारण 42 वाघिणींची. वाघिणीत साठेक टन धरले तर झाले अडीच हजार टन. सिमेंट असेल तर 50 किलोच्या 50 हजार गोण्या. सोळा टनी ट्रकच्या हिशेबाने दीडशेहून जास्त खेपा. आणि डेमरेज न भरता रॅक रिकामी करायच्या मुभेचे तास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्यामुळे वाहतूक ठेकेदाराच्या माणसाचं काम रॅक यायच्या आधीच सुरू होतं. नाशिक रोडला चंद्रपूरकडची सिमेंटची रॅक यायची असेल तर तो मध्यरात्री कोणाला तरी उठवतो.

“भाऊ, मनमाड सुटली. किती गाड्या आहेत?”

“बारा उभ्यात. आठ सिन्नरला खाली होतायत, पहाटे येतील.”

“वीसने काय होतंय? चाळीस तरी लागतील.”

पूर्वी ही खबर गुड्स क्लार्कच्या टेबलापाशी उभं राहून काढावी लागे. आता रेल्वेच्या संगणकावर रॅक कुठे आहे ते दिसतं आणि दोन मिनिटांत मोबाइलवर फिरतं. पुढचं काम मात्र जुनंच. ट्रकमालकांचे नंबर लागलेले असतात आणि नंबर मोडला की भांडण ठरलेलं. पहिल्या गाड्या लांबच्या गोदामाला काढायच्या की जवळच्या, यात त्या माणसाची अक्कल दिसते. जवळच्या गाड्या लवकर परत येतात आणि तीन-चार खेपा मारतात. पण सगळ्याच जवळच्या गोदामावर धाडल्या तर तिथे रांग लागते आणि इकडे धक्का रिकामा. काट्यावर दहा मिनिटं जास्त गेली तरी हिशेब बिघडतो. पाऊस आला तर ताडपत्री शोधण्यात अर्धा तास जातो. गोणी पाठीवरून गाडीत आणि गाडीतून थप्पीला लावणारे माथाडी नसले तर चाळीस गाड्या काय, शंभर असूनही उपयोग नाही. त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं 1969 च्या माथाडी कायद्याने. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांचं नाव अजून धक्क्याधक्क्यावर दिसतं ते त्यामुळेच.

1989 मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक वाढली. नागपुरात कंटेनरचा डेपो आहे, तिथे ट्रकच्या जागी ट्रेलर लागतात आणि पाठीच्या जागी क्रेन. त्याच्या उलट प्रयोग कोकण रेल्वेने 1999 च्या जानेवारीत केला. कोलाड ते वेर्णा भरलेला ट्रकच सपाट वाघिणीवर चढवला. तिथे ट्रकमधून माल उतरवायचा प्रश्नच मिटला.

हल्ली जालना आणि वर्ध्याजवळच्या सिंदीच्या ड्रायपोर्टचं कौतुक ऐकू येतं. समुद्रापासून लांब बंदर, ही कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. मराठी बाजारपेठेने ती मालधक्का या एका शब्दात कधीच मान्य करून टाकली होती. 1989 च्या रेल्वे कायद्यातही व्हार्फेज हा शब्द आहे. रेल्वेने नागपूर मुंबईपासून 837 किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या धक्क्यावरची गोणी वेळेत उचलली नाही तर व्यापारी जे पैसे भरतो त्यांना आजही व्हार्फेजच म्हणतात.