तळटीप : ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आणि डिझेलवरील कर
शेतीच्या ट्रॅक्टरला आपल्याकडे करसवलतीचे डिझेल मिळत नाही. ब्रिटन-अमेरिकेत असे रंगवलेले डिझेल असते आणि ते रस्त्यावरच्या गाडीत सापडले तर दंड होतो. साताऱ्यात रेठऱ्याच्या किंवा सांगलीत साखराळ्याच्या कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर मात्र महामार्गावरच्या ट्रकइतकाच कर भरतो. शेतात जळणाऱ्या इंधनावर रस्ते-उपकर का, हा आक्षेप रास्त आहे (२०२१ च्या अर्थसंकल्पाने तर डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा कृषी उपकरही बसवला; शेतीसाठीचा पैसाही शेतकऱ्याच्याच टाकीतून!). पण तोच ट्रॅक्टर दिवसा नांगरट आणि रात्री ऊसवाहतूक करतो. कोणते लिटर कुठे जळले, हे टाकी पाहून कळणार कसे? मच्छीमार नौकांना मूल्यवर्धित कराचा परतावा देता येतो, कारण नौका रस्त्यावर येत नाही. रंग घालून पहारा ठेवावा म्हणावे, तर रेशनचे रॉकेल निळे होतेच. तरी डिझेलमध्ये त्याची भेसळ थांबली नाही आणि ती रोखू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जिवंत जाळले गेले. सवलत द्यायचीच असेल, तर ती पंपावर न देता एकरी हिशेबाने शेतकऱ्याच्या खात्यात द्यावी, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे.