‘नागपूरला नेलं’

आमच्या नागऱ्यात ‘नागपूरला नेलं’ याचे दोन अर्थ होते. ऑपरेशन असेल तर लोक दवाखान्याचं नाव, डॉक्टरचं नाव, खर्चसुद्धा सांगायचे. नुसतं ‘नेलं’ म्हणून गप्प बसले, की समजायचं, पागलखाना. मोठ्या बाबांबद्दल आमच्या घरी असंच गप्प बसत.

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं. तेव्हा गोंदियाला रेल्वेसुद्धा नव्हती. त्याआधी सहाच वर्षं, १८५८मध्ये, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला होता. पोलिसांनी माणूस आणायचा, डॉक्टरने तपासायचा, मॅजिस्ट्रेटने आत पाठवायचा. १९१२च्या कायद्यातही मॅजिस्ट्रेट राहिलाच. ज्या दवाखान्याची वाट कोर्टातून जाते, तिथे माणूस सर्वांत शेवटी नेला जाणार, हे मला तरी उघड दिसतं. त्यात विदर्भाचे अकरा जिल्हे आणि खाटा ९४०.

मागच्या दिवाळीत मोठ्या आईने जुनी फाईल काढून दिली. सवयीने मी तारखा एक्सेलमध्ये टाकल्या. भरती तीनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भरतीच्या आधी गोळ्या संपून काही महिने झालेले. रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, सोबत एक माणूस, दोघांचा दिवस बुडणार. धानाच्या रोवणीत कोण जाणार? फाईलवर मात्र ‘औषध बंद केले’ एवढंच. जणू त्यांनीच ठरवून केलं! (एका माणसाच्या डेटावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं.)

यावरचा उपाय काही नवा नव्हता. १९८०च्या दशकात बंगळुरूच्या निमहान्सने बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून गोळ्या तिथेच देऊन पाहिल्या. त्या नमुन्यावर १९९६मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आधी मोजक्या जिल्ह्यांत. २०१७च्या कायद्याने तर उपचारासाठी कुणाला लांब जावं लागू नये, हा हक्कच केला.

गोंदियात गोळ्या मिळायला लागल्यापासून मोठे बाबा पुन्हा भरती झालेले नाहीत. मी म्हटलं, बघा, नागपूरची गरजच नव्हती.

मोठी आई चिडली. “पहिल्या वेळी ते विहिरीकडे पळत होते बाबू. तू तेव्हा जन्मला पण नव्हता. नागपूरनेच वाचवलं त्यांना. फक्त तिथून आल्यावर पुढे कोणी विचारलं नाही.”

ही गोष्ट माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नव्हती.

आता महिन्यातून एकदा मोठे बाबा ऑटोने एकटेच गोंदियाला जातात. येताना आलुबोंडे आणतात. कुठे गेले होते, असं कुणी विचारलं तर मोठी आई सरळ सांगते, “गोळ्या आणायला.”