सूट, बुलेट आणि परळ : कर्करोग-संशोधनाच्या पैशाचा प्रवास

#धागा

गोरेगावहून पवईकडे जाणारा आरे कॉलनीतला रस्ता सुट्टीच्या दिवशी पहाटे दुचाकीस्वारांचा असतो. आखला गेला तो मात्र म्हशींसाठी आणि दुधासाठी. शहराच्या दाट वस्तीतील गोठे बाहेर न्यावेत आणि मुंबईला निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दूध वसाहत उभी राहिली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले.

त्याच १९५१ साली, याच शहरात, डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दुधासाठी शासनाने जमीन, गोठे आणि रस्ते दिले. कर्करोगासाठी शासनाच्या जोडीला देणगीदारही लागले, आणि ते आजही लागतात.

त्या देणगीदारांच्या रांगेतील सर्वांत नवा माणूस म्हणजे सूट-टाय घालून मोटारसायकलवर बसलेला स्वार.

मोटारसायकल आणि दानधर्म ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटते. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावात झालेल्या दंगामस्तीनंतर अमेरिकेत दुचाकीस्वार म्हणजे गुंड, अशी प्रतिमा रुजली आणि हॉलिवूडने ती आणखी गडद केली. पुढे दुचाकीस्वारांनीच ती पुसण्याचे मार्ग शोधले. १९८४ मध्ये अटलांटा येथे ‘राइड फॉर किड्स’ ही फेरी निघाली. तिचा पैसा मुलांच्या मेंदूतील गाठींवरील संशोधनासाठी होता.

भारतीय शहरांत पोचलेली फेरी याहून तरुण आहे. २०१२ साली सिडनीच्या मार्क हावा यांनी ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ सुरू केली. ‘मॅड मेन’ या मालिकेतील नायकाचे सुटाबुटात जुन्या मोटारसायकलवर बसलेले छायाचित्र ही तिची प्रेरणा. पहिल्या वर्षी ती केवळ हौस होती. २०१३ पासून तिला निधीसंकलनाची जोड मिळाली आणि त्याच वर्षी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. स्वार नावनोंदणी करतो, मित्र-आप्त त्याच्या नावे देणगी देतात आणि ठरलेल्या रविवारी जगभरातील शहरांत जुन्या धाटणीच्या गाड्या संथपणे निघतात. वेग हा येथे गुण नव्हे. मुंबईकर स्वाराला गाडीसाठी दूर जावे लागत नाही : बुलेट आहे, येझ्दी आहे, आणि कोणाच्या घरी जपलेली असेल तर याच शहराच्या पूर्व उपनगरांत तयार झालेली लॅम्ब्रेटाही आहे. अडचण आहे ती कपड्यांची. पूर्वी सप्टेंबरात निघणारी ही फेरी २०२१ पासून मे महिन्यात निघते. मेमधल्या मुंबईत तीन तुकड्यांचा सूट घालणे, ही स्वतंत्र देणगीच मानायला हवी.

हा पैसा जातो कोठे? ‘मूव्हेंबर’ या संस्थेमार्फत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधनाला आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्याच्या कामाला. मूव्हेंबरचा जन्म ऑस्ट्रेलियातला, कार्यक्षेत्र अनेक देशांत. म्हणजे मुंबईत जमलेला रुपया परळच्या टाटा रुग्णालयात जाईलच असे नाही. यावर ‘आपला पैसा परदेशी कशाला?’ असा आक्षेप सहज सुचतो. परंतु या शहराचा इतिहास तो आक्षेप इतका सोपा ठेवत नाही.

१९३१ मध्ये मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी टाटांनी त्यांच्या स्मरणार्थ ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार-पंचमांश जगभरातील रक्तकर्करोग-संशोधनासाठी आणि एक-पंचमांश भारतातील संशोधनासाठी ठरवण्यात आले. पारतंत्र्यातील मुंबईचा पैसा ९० वर्षांपूर्वीच जगाच्या प्रयोगशाळांकडे निघाला होता.

उलट दिशेचा प्रवासही झाला. १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रश्न साधा होता : गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातला व्हिनेगर, लावून डोळ्यांनी पाहिले तर जीव वाचतील का? किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी तपासण्या झाल्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. खर्चाचा आधार होता अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. त्यावर वादही झाला. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे नैतिक होते काय, असे टीकाकारांनी विचारले, आणि तो प्रश्न गैरलागू नव्हता.

तेव्हा पैशाने सीमा ओलांडली म्हणून तक्रार करणे व्यर्थ आहे. खरी अडचण निवडीची आहे. निधी गोळा करणारा स्वतःचा रोगही निवडूनच येतो.

वसंत रामजी खानोलकर यांचे काम या ठिकाणी आठवावे लागते. १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पान-तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध या काळात परळमध्ये तपासला जात होता. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तेव्हापासून शहरातील रुग्णांची शिस्तशीर मोजदाद होऊ लागली. आज मुंबईच्या पुरुषांत मुखाचा कर्करोग अग्रभागी आहे. प्रोस्टेटचे रुग्णही वाढत आहेत, त्यामुळे सुटातील स्वारांचा विषय येथे परका नाही.

मात्र सिडनी किंवा लंडनमधील मध्यमवयीन पुरुषाला आपल्या वडिलांचा आजार म्हणून प्रोस्टेट आठवतो आणि तो देणगी देतो. तंबाखू मळणाऱ्या गिरणी कामगाराच्या, हमालाच्या तोंडातील जखमेला असा ऐपतदार नातेवाईक क्वचितच लाभला. तिच्यावरील संशोधनाला मुख्य आधार राहिला तो परळचा. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९५२ साली सुरू झालेली संशोधन संस्था १९६६ मध्ये त्याच्याशी जोडली गेली. त्या प्रयोगशाळेचा बराचसा पैसा करातून आला. त्यात बुलेटच्या टाकीत पडणाऱ्या पेट्रोलवरचा करही आहे.