चुंबकीय ग्राफीन उत्प्रेरक

अल्कोहॉलाचे ऑक्सिडीभवन हव्या त्या टप्प्यावर रोखणारा आणि काम झाल्यावर चुंबकाने परत काढून घेता येणारा घन उत्प्रेरक. ग्राफीन ऑक्साइडाच्या पातळ थरांवर मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडाचे सूक्ष्म कण आणि त्यांच्या जोडीला पॅलेडियम, सोने, रुथेनियम किंवा तांबे यांसारखा क्रियाशील धातू बसवून तो बनवतात.

बेंझिल अल्कोहॉलापासून बेंझाल्डिहाइड मिळते. कडू बदामाच्या वासाचे हे द्रव्य सुगंध व औषधनिर्मितीत लागते. पण क्रिया वेळीच थांबली नाही, तर त्याचे बेंझॉइक आम्ल होते. एथिल अल्कोहॉलाचेही तसेच : आधी ॲसिटाल्डिहाइड, मग ॲसिटिक आम्ल. जुन्या पद्धतीतली षट्संयुजी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक असून त्यांचा विषारी गाळ मागे उरतो. हे उत्प्रेरक वापरल्यास हवेतला ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतो.

कृती साध्या प्रयोगशाळेत जमण्याजोगी आहे. हमर्स व ऑफमन यांच्या पद्धतीने (१९५८) ग्रॅफाइटापासून केलेले ग्राफीन ऑक्साइड पाण्यात विखुरतात. त्यात फेरस व फेरिक क्षार १:२ या रेणुप्रमाणात घालून अमोनिया सोडला, की मॅग्नेटाइट तयार होऊन मिश्रण पाहता पाहता काळे होते. नंतर क्रियाशील धातू चढवतात. मॅग्नेटाइटाचे कण सुमारे २० नॅनोमीटरपेक्षा लहान असले, तर चुंबक दूर करताच त्यांचे चुंबकत्व जाते. त्यामुळे ते पुन्हा सहज विखुरतात. क्रिया संपल्यावर चंबूला बाहेरून चुंबक लावला, की काळी भुकटी काचेला चिकटते. द्रव ओतून घेऊन भुकटी धुऊन पुन्हा वापरतात.

मराठवाड्यात जालन्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील मनोज गावंडे यांचे काम या क्षेत्रातले आहे. मॅग्नेटाइटाच्या आधारावरील उत्प्रेरकांचा त्यांनी ब्रांको व वर्मा यांच्यासह २०१३ मध्ये घेतलेला आढावा महत्त्वाचा आहे. धाराशिवसारख्या ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांना मळीपासूनचे अल्कोहॉल परके नाही. त्यापासून ॲसिटाल्डिहाइड व ॲसिटिक आम्ल काढण्याचा उद्योग राज्यात आहे, मात्र तिथे हे उत्प्रेरक रुळलेले नाहीत.

भुकटी चुंबकाला चिकटली म्हणजे महाग धातू वाचला, असे समजणे धोक्याचे आहे. तो द्रवात विरघळूनही जाऊ शकतो. हे तपासण्यासाठी क्रिया अर्ध्यावर असताना गरम मिश्रणातून उत्प्रेरक काढून उरलेला द्रव तापवत ठेवतात. तरीही अल्कोहॉल घटतच राहिले, तर धातू सुटून द्रवात उतरला असण्याचा संशय पक्का होतो.