मुंगीची वाट, पाखराची वाट

शाहूपुरीच्या व्यापारपेठेत वाढलेल्या माणसाला 'भाव' या शब्दाचे दोन अर्थ लहानपणीच कळतात. एक देवघरातला, दुसरा बाजारातला. दुसरा रोज बदलतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही पेठ वसवली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. त्याआधी चार वर्षं, १८९१ मध्ये, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. गुऱ्हाळातले रवे लांबच्या गावांना जाऊ लागले आणि लांबच्या गावांचे भाव इथल्या गल्ल्यांत येऊ लागले. पाऊस, ऊस, परगावची मागणी, यातलं काहीच अडत्याच्या हातात नव्हतं. तरी माल आज द्यायचा की थांबायचं, हे त्यालाच ठरवावं लागे.

आज आमच्या वयाच्या पोरापोरींचे प्रश्न वेगळे आहेत. पुण्याला जायचं की इथंच राहायचं? परीक्षेचा आणखी एक अटेम्प्ट द्यायचा की घरच्या दुकानात बसायचं? मीही सध्या अशाच एका प्रश्नावर अडकले आहे. आणि कुणालाही सांगितलं, की सल्ला एकच येतो: "मेडिटेशन कर, क्लॅरिटी येईल." फोनवर ॲप असतं, दहा मिनिटांनी घंटा वाजते, आणि प्रश्न होता तिथंच असतो.

म्हणून मला कुतूहल वाटलं ते आपल्याच भागातल्या जुन्या माणसांचं. दुकान, शाळा, कचेरी सांभाळून ही माणसं वर्षानुवर्षं ध्यानाला बसत होती. त्यांना त्यातून नेमकं काय मिळत होतं? उत्तर, धीर, की आणखी काही? या शोधात मी कोल्हापूरच्या पूर्वेला, मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळतात त्या पट्ट्यात जाऊन पोचले. जत तालुक्यातलं उमदी, विजापूरकडचं इंचगिरी, निंबाळ. इथं एकोणिसाव्या शतकात इंचगिरी संप्रदाय रुजला. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी (१८४३–१९१४) त्याला आकार दिला. शिष्य बहुतेक संसारी. साधना सांगायला सोपी: गुरूनं दिलेलं नाम घेऊन रोज, नेमानं, दीर्घकाळ बसायचं. या वाटेला पिपीलिका मार्ग म्हणतात, म्हणजे मुंगीची वाट. मुंगी झाडाच्या बुंध्यापासून चढते, घसरते, पुन्हा चढते, आणि कधीतरी फळापर्यंत पोचते.

१९०१ मध्ये जमखंडीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. हा मुलगा म्हणजे रामचंद्र दत्तात्रय रानडे, पुढे गुरुदेव रानडे म्हणून ओळखले गेलेले तत्त्वज्ञ. मॅट्रिक उत्तम झाली, पुण्याला डेक्कन कॉलेज झालं, गणित घेऊन बी.ए. झालं. इथवर गोष्ट एखाद्या क्लासच्या जाहिरातीसारखी सरळ वाटते. पण १९०९ च्या सुमारास तब्येत पार ढासळली. पुढचं शिक्षण लांबलं. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. व्हायला १९१४ उजाडलं. पुढच्या काही वर्षांत पहिली पत्नी गेली. नामाला बसणाऱ्या माणसाला आयुष्यानं कसलीही सवलत दिली नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की रानड्यांनी बसणं सोडलं नाही आणि कामही सोडलं नाही. फर्ग्युसनमध्ये शिकवलं, १९२६ मध्ये उपनिषदांवरचा मोठा ग्रंथ काढला, निंबाळच्या छोट्या रेल्वे स्टेशनाजवळ घर बांधलं, गंगानाथ झांच्या बोलावण्यावरून अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि काही काळ तिथले कुलगुरूही झाले. १९५७ मध्ये निंबाळलाच वारले.

महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये आला. त्यात तुकारामांच्या आयुष्यातल्या निराशेच्या काळासाठी त्यांनी सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या एका संताची, सेंट जॉन ऑफ द क्रॉसची कल्पना वापरली आहे: आत्म्याची काळरात्र. काहीच दिसत नाही, देवही नाही, असा काळ. तो साधना फसल्याची खूण नसून त्या वाटेवरचाच एक टप्पा आहे, असं या कल्पनेत गृहीत आहे. जो स्वतः आजारपणातून आणि घरातल्या मृत्यूतून गेला होता, त्याला तुकारामांची ती रात्र परकी वाटली नसणार, असं मला वाटतं.

आणि तुकाराम कोण होते? देहूचे दुकानदार. १६३० च्या दुष्काळात धंदा बुडाला, घरात मृत्यू आले. ते डोंगरावर एकांतात जाऊन बसत. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. या कथेतला हिशेब बघा. भावाचा निर्णय त्यांनी घेतला नाही, फक्त स्वतःचा घेतला. आणि तो फायद्याचा नव्हता. शाहूपुरीतला कुठलाही अडत्या त्याला घाट्याचा सौदाच म्हणाला असता.

भाऊसाहेब महाराजांनंतर त्यांच्या शिष्यांमध्ये एक मतभेद झाला. ध्यान विरुद्ध विचार, असं त्याचं रूप होतं. सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) विजापूरला एका पेढीवर हिशेबाचं काम करणारे गृहस्थ. गुरू गेल्यावर काही वर्षांनी त्यांनी म्हणायला सुरुवात केली, की नुसतं ध्यान पुरेसं नाही, ध्यानाच्याही पलीकडे जायला हवं, आणि ते विचारानं, विवेकानं जमेल. ही विहंगम मार्गाची, म्हणजे पाखराची वाट. पाखरू बुंध्यापासून चढत नाही, या फांदीवरून त्या फांदीवर उडतं. गुरुबंधूंना हे पटलं नाही. आपल्या गुरूंनी तर ध्यानच सांगितलं, असा त्यांचा आक्षेप होता. सिद्धरामेश्वर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. मुंगीची वाट त्यांनी आधी वर्षानुवर्षं चालली होती, हे मात्र विसरता कामा नये.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे काडसिद्धेश्वर महाराज १९३५ मध्ये त्यांचे शिष्य झाले. आज आपण कणेरीला जातो ते जुन्या खेड्याचे पुतळे बघायला. पण तेव्हाची गोष्ट जास्त विलक्षण आहे. जो स्वतः मठाधिपती होता, ज्याच्या पाया लोक पडत होते, त्यानं पेढीवरच्या एका संसारी माणसासमोर बसून कबूल केलं, की मला अजून शिकायचं आहे.

दुसरे शिष्य मारुती कांबळी, मुंबईत बिड्यांची दुकानं चालवणारे, पुढे निसर्गदत्त महाराज. गुरूंच्या निधनानंतर १९३७ मध्ये ते घर आणि धंदा सोडून निघून गेले. वर्षभरात परत आले. संसारात राहूनही तेच साधता येतं, असं त्यांनी ठरवलं होतं. उरलेलं एक दुकान त्यांनी चालवलं. मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणलेली त्यांची मराठी संभाषणं १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि खेतवाडीतल्या त्यांच्या छोट्या खोलीत जगभरातली माणसं येऊ लागली. परतण्याची ही गोष्ट छान आहे. पण ते वर्षभर बायकोमुलांनी कसं काढलं, हे कुणी फारसं सांगत नाही. एकाच्या शोधाची किंमत घरातलं दुसरं कुणी मोजत असतं. इतिहास वाचताना तोही खर्च मांडायला हवा.

मग या माणसांना मिळालं काय? भविष्य नाही. रानड्यांना आजार आधी कळला नाही, तुकारामांना दुष्काळ टळला नाही. 'हे कर, ते नको' असं उत्तरही ध्यानातून पडलेलं दिसत नाही. निर्णय त्यांनीच घेतले, चुकण्याची शक्यता धरून घेतले, आणि भोगले. मिळालं ते एवढंच दिसतं, की उत्तर नसतानाही त्यांना बसवत होतं, आणि उठून कामाला लागवत होतं. भीतीनं घाईघाईत सौदा करण्याची गरज कमी झाली. ज्या 'मी'ला नफा-तोटा होणार, तो कोण, हे आधी तपासायची सवय लागली.

ॲपवाल्या ध्यानाला मी नावं ठेवत नाही. दहा मिनिटंही काही कमी नाहीत. फरक आहे तो मागणीत. आपण निर्णय अडला की बसतो आणि घंटेबरोबर उत्तर मागतो. ती माणसं निर्णय असो नसो, रोज बसत होती. म्हणून निर्णय आला तेव्हा बसायची सवय आधीच होती. मुंगी फळ पिकल्यावर चढायला सुरुवात करत नाही. आणि पाखराचं उडणं आपल्याला दिसतं, त्याआधी त्याचे पंख किती दिवस वाढत होते ते दिसत नाही.

माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण तो ध्यानानं सुटावा, ही अपेक्षा मात्र मी सोडून दिली आहे. तो मलाच सोडवायचा आहे, आणि त्याचा खर्च माझ्या घरात कुणाकुणावर पडणार आहे हे आधी मांडून.